स्वस्त विंच किती क्षमतेचा घ्यावा?

प्रश्न: माझ्या जीपचे वजन सामानासह सुमारे २,२०० किलो भरते. खर्च आटोक्यात ठेवायचा असल्यास किती क्षमतेचा विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे मोटरचे यंत्र) पुरेसा ठरेल?

उत्तर १: भरलेल्या गाडीच्या दीडपट, म्हणजे ३,३०० किलोंच्या खाली उतरू नये. मात्र खोक्यावर छापलेला आकडा ड्रमवर (दोर गुंडाळायच्या रिळावर) गुंडाळलेल्या दोराच्या सर्वांत आतल्या थरापुरताच खरा असतो आणि वरच्या प्रत्येक थरागणिक ओढ घटत जाते, म्हणून दोर शक्य तितका सोडूनच ओढावे. तारेच्या दोराचे निदान पाच वेढे ड्रमवर राहू द्यावेत, कारण दोराचे टोक ड्रमला धरून ठेवणारा स्क्रू भार पेलण्यासाठी नसतोच.

उत्तर २: वाचलेल्या पैशांतून आधी स्नॅच ब्लॉक, म्हणजे बाजू उघडून दोर बसवता येणारी कप्पी, घ्या. झाडाला बांधलेल्या पट्ट्यात तो अडकवून दोर गाडीकडे परत आणला, की वेग निम्मा होतो, पण ओढ जवळपास दुप्पट मिळते आणि स्वस्त मोटर तापत नाही. पट्टा रुंदच हवा. नुसती तार झाडाची साल कापते.

प्रश्नकर्ता: दोर तारेचा घ्यावा की सिंथेटिक?

उत्तर १: सिंथेटिक हलका असतो आणि तुटल्यास तारेइतका उसळत नाही, परंतु धारदार खडक व ऊन त्याला सोसत नाहीत. दोर कोणताही असो, ताणलेला असताना तो कोणीही ओलांडू नये.