शब्दचर्चा : ‘न्यूरो-सिम्बॉलिक’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना मराठीतून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवते. न्यूरो-सिम्बॉलिक म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं न्यूरल नेटवर्क आणि नियमांनी पायरी-पायरीनं निष्कर्ष काढणारा सिम्बॉलिक भाग, या दोन अर्ध्यांची जोडणी. न्यूरल नेटवर्कला मुलं न्यूरल नेटवर्कच म्हणतात, ते राहू दे. पण उरलेल्या अर्ध्यासाठी फळ्यावर ‘प्रतीकात्मक तर्क’ लिहिलं, तर कागलची एक मुलगी म्हणाली, “म्हणजे खरा तर्क नव्हे ना मॅडम?” तिचं काय चुकलं? आपल्याकडे प्रतीकात्मक पुतळा जाळतात, बातमीखाली ‘प्रतीकात्मक छायाचित्र’ छापतात.

उत्तर : ‘प्रतीक’ सोडा, ‘चिन्ह’ घ्या. बीजगणितामुळे मुलांच्या ओळखीचा शब्द आहे. पण खरी अडचण ‘तर्क’ची आहे. तर्कशास्त्रातला तर्क काटेकोर असतो, आणि बोलण्यात मात्र ‘तर्क लढवला’ म्हणजे हाती पुरावा नसताना अंदाज केला. म्हणजे ज्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवायच्यात, त्या दोन्ही या एकाच शब्दात बसल्यात. मी न्यूरल भागासाठी ‘अदमास’ आणि नियमांच्या भागासाठी ‘अनुमान’ वापरेन. गुऱ्हाळावरचा मुरलेला गुळव्या काहिलीतल्या पाकाचे बुडबुडे बघून ‘आला’ म्हणतो. कशावरून, ते त्याला नियमात मांडता येत नाही, हा अदमास. डोंगरावर धूर दिसतो, जिथे धूर तिथे अग्नी, म्हणून डोंगरावर अग्नी; हे अनुमान. यातली प्रत्येक पायरी तपासता येते.

आणखी एक उत्तर : अनुमान हल्ली पावसाचंही काढतात, त्यामुळे तो शब्द सैल झालाय. ‘निगमन’ म्हणा, म्हणजे दिलेल्या गोष्टींतून नियमानं निष्कर्ष काढणं.

प्रश्नकर्ती : निगमन अचूक आहे, पण ते मुलांना आधी समजावून सांगावं लागेल. अनुमानाची पायरी तरी दाखवता येते. आज भूमितीच्या वहीतल्या पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या चार शब्दांनीच काम झालं. समद्विभुज त्रिकोणात पायालगतचे कोन समान दाखवायचे आहेत. शिरोबिंदूतून कोनदुभाजक काढायचा हे सुचावं लागतं, तो नियम नव्हे. एकदा काढला की बाकोबा कसोटीने दोन त्रिकोण एकरूप, पुढचं सरळ. जानेवारी २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडने जाहीर केलेली, भूमितीचे प्रश्न सोडवणारी अल्फाजॉमेट्री ही प्रणाली हेच करते. नियमांचं इंजिन पक्षापासून निष्कर्ष काढत जातं. ते अडलं की न्यूरल भाग एखादा नवा बिंदू किंवा रेषा सुचवतो, आणि इंजिन पुन्हा चालू. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड स्पर्धेतल्या भूमितीच्या ३० प्रश्नांपैकी २५ तिनं सोडवले. रचनेचा अदमास एकाचा, सिद्धता दुसऱ्याची. हे सांगितल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते! आता दोन्ही जोडण्याला काय म्हणू? ‘संकरित’?

उत्तर : नको. संकरित बियाण्यातून मूळचे दोन वाण पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. ‘सांगड’ घ्या. पूर्वी नदीत पोहायला शिकताना दोन वाळके भोपळे दोरीनं बांधायचे आणि दोरीवर छाती टेकून पोरगं पाण्यात उतरायचं, ती सांगड. पंचगंगेकाठच्या मुलांना घरच्या आजोबांना विचारू द्या. दोन्ही भोपळे वेगळेच राहतात, पण एकटा असेल तर पोरगं एका अंगाला कलंडतं. तुमच्या अल्फाजॉमेट्रीत हीच तऱ्हा आहे.

प्रश्नकर्ती : ‘अदमास-अनुमान सांगड’. उद्या फळ्यावर हेच! फक्त एक : काही पद्धतींत नियम न्यूरल नेटवर्कच्या शिकवणीतच मुरवतात, मग ते वेगळे काढता येत नाहीत. तिथे सांगड म्हटलं तर खोटं होईल. तेवढ्यापुरता ‘संकर’ ठेवते.