मदत हवी आहे : जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाचे विधानसभानिहाय आकडे

नमस्कार मंडळी,

राजापूर लोकसभा मतदारसंघावर थोडं लिहायला घेतलंय. पुनर्रचनेनंतर २००९ पासून हा मतदारसंघ नाही, आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग.

खासदारांची साखळी लागली आहे. १९५७, ६२ आणि ६७ ला बॅ. नाथ पै. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी समाजवादी नेते मधु दंडवते निवडून आले, ते पुढे सलग पाच वेळा. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही ही जागा त्यांनी राखली, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत, मग १९९६ ते २००४ चारही वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू.

घोडं अडलंय ते १९८९ आणि १९९१ पाशी. दंडवत्यांची मतं नेमकी कुठे फुटली? सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे की राजापूर-लांज्याकडे? मतदारसंघाची एकूण बेरीज मिळते, पण विधानसभानिहाय फोड हाती लागत नाही. त्याशिवाय 'शिवसेनेने समाजवाद्यांची मतं खाल्ली' हे नेहमीचं विधान मी तरी छापणार नाही.

कुणाकडे मतमोजणीनंतरच्या दिवसांची स्थानिक वर्तमानपत्रं, पक्षाच्या कार्यालयातले तक्ते किंवा घरातल्या जुन्या कार्यकर्त्याची वही आहे का? मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल, फक्त तारीख दिसू द्या. जिल्ह्याच्या निवडणूक शाखेत एवढे जुने कागद बघायला मिळतात का, अर्ज कसा करायचा, हेही कुणी केलं असेल तर सांगा.