प्रतिसाद: प्रूफ नाण्यावरची प्रत्येक रेघ पुसल्याने पडलेली नसते
नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघांनी नाण्याची ग्रेड, म्हणजे दर्जाचा १ ते ७० मधला आकडा, उतरत नाही, असं वर कुणी म्हटलंय. ते साध्या चलनी नाण्याला चालेल; प्रूफला, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्याला, नाही. प्रूफचं फील्ड, म्हणजे चित्र-अक्षरांभोवतीची सपाट जागा, आरसाच असतं. मऊ कापडाचा एक हातही त्यावर उमटतो, आणि अशा रेघा वाढल्या की एरवी ६५ चं नाणं ६२-६३ वर येतं. एकाच दिशेने समांतर पट्टा दिसला तर बहुधा आकडाच मिळत नाही, 'क्लीन्ड' (घासून साफ केलेलं) असा शेरा बसतो.

पण डाय, म्हणजे नाणं पाडायचा ठसा, पॉलिश करतानाही त्यावर रेघा पडतात, त्या नाण्यावर उठून येतात आणि त्यांना दोष धरत नाहीत. ट्यूबलाइट बंद करा, एकच पिवळा बल्ब ठेवा, ५एक्स (पाच पट मोठं दाखवणाऱ्या) भिंगाखाली नाणं हळूहळू तिरकं फिरवा. डायची रेघ अक्षराच्या कडेशी थांबते. पुसल्याने पडलेली रेघ आत कोरलेली असते, बरेचदा नाण्यावरच्या राणीच्या गालावरूनही जाते.

नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यातून व्हिक्टोरियाचा प्रूफ रुपया घेतलात तर आधी रिठा, चिंच, सिल्व्हर डिप (चांदी उजळायचं रसायन) सगळं दूर ठेवा. डिपने काळपटपणा जातो, रेघा मात्र जास्तच उघड्या पडतात! आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ फार. ती पुसू नका, दाबून हवा मारायच्या रबरी फुग्याने उडवा. पीव्हीसी (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटाचा हिरवट चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेची वाटी, उघडी खिडकी. नाणं बुडवायचं, कडेने धरून काढायचं, आपोआप वाळू द्यायचं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो.