व्यक्तिकेंद्रित उपचारपद्धती कोणाला मानवते?

प्रश्न: तीन सत्रे झाली, तरी समुपदेशक सल्ला देत नाहीत, माझेच बोलणे वेगळ्या शब्दांत मांडतात. हे असेच असते का?

उत्तर १: होय. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत समानुभूती (समोरच्याच्या भावना त्याच्या नजरेतून समजून घेणे), विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचा सच्चेपणा लाभला की माणसाला स्वतःची वाट सापडते, असे मानले जाते. ‘राग नाही’ म्हणताना आपली मूठ आवळली गेली, तर ते हळुवारपणे तेवढेच लक्षात आणून देतील.

उत्तर २: दुःख, न्यूनगंड किंवा नात्यांतील गोंधळ असेल, तर ती मानवते. मंत्रचळ (नको असलेले विचार आणि त्यापोटी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होणे) किंवा ठरावीक गोष्टीची तीव्र भीती असल्यास मात्र सरावावर आधारलेली वर्तनोपचार पद्धती मी आधी सुचवेन. सल्ला हवासा वाटतो, हेही त्यांना मोकळेपणाने सांगा.

प्रश्नकर्ता: पुढच्या सत्रात हेच बोलेन.