अंगणवाडीच्या भिंतीला रंग, की बाईंना पगार?

प्रेषक: चिटणीस
विषय: गणपती निधीतली शिल्लक

मंडळी, नमस्कार.

इथे कॅनडात आपल्या मंडळाने केलेल्या यंदाच्या गणपतीचा हिशोब पुरा झाला. हॉलचं भाडं, मूर्ती, प्रसाद आणि मुलांच्या नाटकाचा खर्च वजा जाता 4,200 डॉलर शिल्लक आहेत. गेल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे ही रक्कम गोव्यातल्या लहान मुलांच्या कामी लावायची आहे. सूचना अशी आली आहे की डिचोली तालुक्यातल्या एका अंगणवाडीच्या भिंती रंगवून द्याव्यात, खेळणी, छोट्या खुर्च्या आणि एक टीव्ही द्यावा, दारावर मंडळाचं नाव लावावं. ताई सध्या डिचोलीलाच आहेत. त्यांनी जाऊन बघून कळवावं ही विनंती. बाकीच्यांनी रविवारपर्यंत मत द्यावं.

प्रेषक: ताई, मुक्काम डिचोली
विषय: पुन्हा: गणपती निधीतली शिल्लक

चिटणीस भाऊ आणि मंडळी,

सोमवार-मंगळवार असे दोन दिवस सकाळी साडेनऊला अंगणवाडीत जाऊन बसले. भाड्याची एकच कौलारू खोली, मागच्या पडवीत गॅसची शेगडी. पटावर एकवीस मुलं. सोमवारी चौदा आली होती, मंगळवारी सतरा. भिंतींना पोपडे आले आहेत, हे खरं. पण तिथे बसल्यावर माझं लक्ष भिंतींवरून उडालं आणि बाईंच्या हातांवर खिळलं. एका हातात फोन, त्यात हजेरी आणि वजनं भरायची, दुसऱ्या हाताने रडणारं पोर कडेवर. तेवढ्यात सात महिन्यांची गरोदर बाई वजनाला आली. तिची नोंद होते तोच लसीकरणाच्या दिवसाचा निरोप आला, मग घरोघरीच्या सर्वेक्षणाचा कागद. तीन तासांत मुलांसोबत बसायला बाईंना जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली.

ती चाळीस मिनिटं बघण्यासारखी होती. बाईंनी जमिनीवर चिंचोके मांडले, कोकणीत मोजायला लावले, मग त्याच चिंचोक्यांचं मासळीच्या बाजाराचं खेळणं केलं. घरी कानडी बोलणारी एक मुलगी दाराशी अंग चोरून उभी होती. तिला त्यांनी विक्रेती केलं. दहा मिनिटांत ती पोर सगळ्यांना भाव सांगायला लागली. बाईंचं खेळण्यांवाचून काही अडलं नाही, त्यांचं अडतं ते वेळेवाचून.

साडेबाराला मुलं घरी जातात. एकाची आई औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे, तिची पाळी साडेतीनला सुटते. आजी कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, कामाला जाते. तो पोर तीन तास शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसून असतो. मी त्याच्याजवळ बसले तर एकच विचारत होता, "आई केन्ना येतली?"

म्हणून माझं स्पष्ट मत: भिंती रंगवू नका, टीव्ही तर मुळीच देऊ नका. रंग दोन पावसाळ्यांत उतरेल. या मुलांना हवी आहे दुसरी शिकवणारी बाई, दुपारी साडेतीन-चारपर्यंत उघडं राहणारं दार आणि पोटभर, बरं जेवण. हे तिन्ही दर महिन्याला पैसे लागणारे खर्च आहेत. देणगीतून ते एक वर्ष चालतील, फार तर दोन. ते सरकारच्या अर्थसंकल्पातूनच व्हायला हवेत, आणि त्यासाठी आपण आपली ताकद लावावी.

जेवणाचंच बघा. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या पूरक आहारासाठी केंद्राने 2017 साली दिवसाला 8 रुपयांचा दर ठरवला. कुपोषण गंभीर असेल तर 12. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात 8 रुपयांना एक अंडं मिळालं तरी नशीब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचं प्रमाण 2015-16 मध्ये सुमारे 20 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये सुमारे 26 टक्के झालं. दरडोई उत्पन्नात देशात अग्रभागी असलेल्या आपल्या गोव्यातली ही गोष्ट आहे. मला हे वाचून झोप आली नव्हती.

आणि बाईंचा पगार. त्याला पगार म्हणायचं नसतं, मानधन म्हणायचं, कारण कागदोपत्री त्या मानसेवी. 2018 साली केंद्राने सेविकेचं मानधन 3,000 वरून 4,500 आणि मदतनीसेचं 1,500 वरून 2,250 केलं. त्यात राज्यं आपली भर घालतात. गोव्याची भर इतर पुष्कळ राज्यांपेक्षा चांगली आहे, हे मान्य केलंच पाहिजे. पण शब्द तोच राहिला, आणि शब्दाबरोबर तिचा दर्जाही. 2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला काम म्हटलं गेलं.

जरा लांबलं, पण एक आठवण सांगते. मी 1969 साली पहिलीत गेले. शाळा देवळाच्या अग्रशाळेत भरायची, पावसात आम्ही सगळे एका कोपऱ्यात सरकायचो. मास्तर सावंतवाडीकडचे. गोवा मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात, अशा शाळा वाड्यावाड्यांवर निघाल्या. माझी आई निरक्षर होती, मी पुढे कॅनडापर्यंत पोचले. मधल्या पुलाचा खर्च सरकारने केला. मास्तरांचा पगार दर महिन्याला पणजीहून येत होता, म्हणून मास्तर टिकले. शाळेच्या भिंतीला रंग होता की नाही, मला आठवत नाही. या ईमेल-यादीवरच्या निम्म्या लोकांची गोष्ट हीच असेल.

प्रेषक: काका, मिसिसागा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. पण मला तीन गोष्टी पटत नाहीत, त्या मोकळेपणाने लिहितो.

आमच्या पेडण्यात ज्यांना परवडतं ते तीन वर्षांच्या मुलाला बसने म्हापशाच्या इंग्रजी नर्सरीत पाठवतात. लोकांनाच अंगणवाडी नको आहे, मग सरकारने तिथे पैसा का ओतावा? दुसरं, आमच्या लहानपणी कसली बालवाडी? आजी होती, अंगण होतं, त्यात वाढलो. आणि तिसरं, सरकारी खात्याला अर्ज करून काही मिळालं असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पैसे हातात आहेत तर निदान वीस मुलांना खुर्च्या तरी मिळू देत.

प्रेषक: ताई, मुक्काम डिचोली

काका, बरं झालं मोकळेपणाने लिहिलंत.

आजीचं आधी. तुमची आजी घरी होती. आजची आजी कुळागरात, खाणावळीत, नाहीतर दुसऱ्याच्या घरी भांड्यांना आहे. लोहखनिजाच्या खाणी 2012 ला बंद पडल्या, नंतर 2018 ला पुन्हा. आमच्या तालुक्यात तेव्हापासून कितीतरी घरांत बाईचा पगारच आधार झाला. आणि अंगणाचं म्हणाल तर 'अंगणवाडी' हा शब्दच तिथून आला. बोर्डीला 1945 साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने 33 विकास गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि देशभर हे मराठी नाव गेलं. मराठी माणसांनी देशाला दिलेल्या चांगल्या गोष्टींत मी ही फार वर धरते. आज गोव्यात अशा सुमारे साडेबाराशे अंगणवाड्या आहेत. जागा आहे, बाई आहे, पट आहे. कमी आहे ती पैशाची आणि माणसांची.

आता नर्सरीचं. दर गणपतीत आपण हळहळतो की गावातल्या सरकारी मराठी शाळा ओस पडल्या. काका, त्या सहाव्या वर्षी ओस पडत नाहीत, तिसऱ्या वर्षी पडतात. तीन वर्षांचं मूल म्हापशाच्या बसमध्ये चढलं की सहाव्या वर्षी ते गावच्या शाळेत परत येत नाही. त्याचे मित्र तिथे, बस तिथे, आईबापांचे पैसे तिथे गुंतलेले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. टप्पा एक असेल तर त्याची पहिली तीन वर्षं बाजारावर आणि नंतरची दोन सरकारवर, ही वाटणी कशी चालेल? अंगणवाडी दुपारपर्यंत चालली, तिथे शिकवायला वेगळी बाई असली, तर माझ्या वाड्यावरच्या निदान पाच आया मुलांना बसने पाठवणार नाहीत. मी त्यांच्याशी बोलले आहे. एकीने सांगितलं, "इंग्रजीसाठी नाही हो ताई, चारपर्यंत सांभाळतात म्हणून."

हे वाक्य मी चार दिवस मनात घेऊन फिरते आहे. आपण सगळे शिक्षण शिक्षण म्हणतो, आणि ती बिचारी सांभाळाचे पैसे मोजते. लहान मुलाच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

अर्ज करून काही मिळत नाही, असं म्हणता. मिळत नाही त्याला एक कारण कायद्यात आहे. 1993 च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण मूलभूत हक्क मानलं होतं, त्यात खालची वयोमर्यादा नव्हती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने तो हक्क सहा ते चौदा असा बांधला. सहाच्या आतली मुलं कलम 45 मध्ये गेली, जिथे राज्य फक्त "प्रयत्न करील". 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 11 सुद्धा सरकार व्यवस्था करू शकेल इतकंच म्हणतं. सहा वर्षांच्या मुलाला शाळा नाकारली तर कोर्टात जाता येतं. चार वर्षांच्या मुलासाठी मागावंच लागतं. म्हणून मागणारे जास्त हवेत.

प्रेषक: स्कारबरोहून, दोन मुलींची आई

मी यादीवर कधी लिहीत नाही, आज राहवलं नाही.

माझ्या थोरलीच्या वेळी डेकेअरला महिन्याला 1,500 डॉलरच्या वर जात. मी हिशोब करून दीड वर्ष नोकरी सोडली. धाकटीच्या वेळी तेच केंद्र, तीच बाई, पैसे निम्म्याहून कमी. मधे काय झालं? 2021 च्या अर्थसंकल्पात कॅनडाच्या केंद्र सरकारने पाच वर्षांत 30 अब्ज डॉलरपर्यंत तरतूद केली, सरासरी शुल्क दिवसाला 10 डॉलरवर आणायचं ठरवलं. ऑन्टारिओने सगळ्यांच्या शेवटी, 2022 च्या मार्चमध्ये सही केली. क्वेबेकने तर 1997 मध्येच 5 डॉलरपासून सुरुवात केली होती. हे कोणी आपणहून दिलं नाही, इथल्या बायका कित्येक वर्षं मागत होत्या. आपण सगळे इथे तो फायदा घेतो आणि आपल्या गावाला मात्र खुर्च्या पाठवतो, याची मला लाज वाटली.

पण ताई, एक बघा. इथे शुल्क कमी झालं तरी धाकटीला अकरा महिने प्रतीक्षायादीत काढावे लागले. जागा होती, शिकवणाऱ्या बाया नव्हत्या, कारण त्यांचे पगार कमी. तुमच्या अर्जात पगार पहिला असू दे.

प्रेषक: खजिनदार

एक व्यवहाराची गोष्ट. महिला मंडळाच्या नावाने पैसे पाठवावेत असं दोघांनी सुचवलं आहे. परकीय देणगी नियमन कायदा, 2010 प्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशातून अशी देणगी घेता येत नाही, आणि गावच्या महिला मंडळाकडे यातलं काहीच नाही. तिथल्या बायकांना आपण अडचणीत आणायचं नाही. रक्कम तूर्त खात्यातच राहू दे.

प्रेषक: चिटणीस

बहुमत ताईंच्या बाजूने आहे. काकांनीही काल फोन करून संमती दिली. असं करू या: अर्ज गावातले मतदार करतील, त्यांच्या नावाने, त्यांच्या भाषेत. आपल्यापैकी बरेच जण आता तिथले नागरिक नाहीत, तेव्हा सही आपली नको. आपण टंकलेखन, आकडे आणि फोनाफोनी एवढं करू. ज्यांचे भाऊ, वहिनी, चुलते डिचोली, सत्तरी, पेडणे, बार्देशात आहेत त्यांनी त्यांना जानेवारीच्या ग्रामसभेला जायला सांगावं आणि ठराव मांडायला लावावा. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, त्याआधी ठराव आमदारांच्या हातात पडला पाहिजे. ताई, मसुदा पाठवाल?

प्रेषक: ताई, मुक्काम डिचोली

मसुदा सोबत जोडला आहे. मागण्या चारच ठेवल्या: एक, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी प्रत्येक अंगणवाडीत शिकवण्यासाठीची दुसरी नेमणूक; दोन, दुपारी साडेतीनपर्यंत वेळ आणि जास्तीच्या वेळेचे जास्तीचे पैसे; तीन, आहाराच्या दरात राज्याची स्वतःची भर, आठवड्यातून निदान चार अंडी किंवा त्याऐवजी कडधान्य आणि दूध; चार, सेविका आणि मदतनीस यांना नियमित वेतनश्रेणी.

काल संध्याकाळी हा कागद घेऊन बाईंकडे गेले. त्या घरोघरीच्या सर्वेक्षणाहून नुकत्याच आल्या होत्या, पाय धुऊन ओट्यावर बसल्या आणि पूर्ण वाचला. दोन ठिकाणी माझ्याकडून सवयीने "मानधन" राहून गेलं होतं. तिथे त्यांनी पेनाने काट मारून "वेतन" लिहिलं. मग चौथी मागणी पहिली करायला सांगितली आणि त्यात मदतनीसेचं नाव सेविकेच्या आधी घातलं. म्हणाल्या, "ती सकाळी आठला येऊन झाडते, शिजवते, आणि पोरांची तोंडं धुते. तिचं नाव नेहमी मागेच असतं."

तसं केलं आहे. चिटणीस भाऊ, टंकलेखन करताना हा क्रम बदलू नका.