ज्यांना कधी भेटलो नाही, त्यांच्यासाठी आपण जाहीर शोक का करतो?

मंगळवारपेठकर (प्रश्न)

बरेच दिवस मनात असलेला प्रश्न येथे मांडतो आहे. एखादा नामवंत कलावंत गेल्याची बातमी आली की तासाभरात ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाच्या स्टेटसवर त्या व्यक्तीचे छायाचित्र, खाली पणती आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही अक्षरे दिसू लागतात. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषयच नव्हता. ज्या काकांनी स्वतःच्या जिवलग मित्राच्या निधनानंतर चार ओळीही लिहिल्या नव्हत्या, त्यांनी लतादीदींवर भलामोठा मजकूर लिहिला, आणि त्यातला एकही शब्द उसना वाटत नव्हता.

मला कोणाची टिंगल करायची नाही. हे दुःख नेमके कोणाचे आणि कशाचे असते, आणि ते मनात न ठेवता चारचौघांत मांडण्याची गरज का वाटते, हे मला समजून घ्यायचे आहे. त्यातून एक गोष्ट अधिक खुपते. येथे कोल्हापुरात आमच्या अपार्टमेंटमधील एक वयोवृद्ध गृहस्थ गेले, तेव्हा त्याच लोकांनी ग्रुपवर फक्त हात जोडल्याची चित्रे टाकली. दूरचा माणूस जवळच्यापेक्षा जवळचा झाला आहे, असा याचा अर्थ घ्यायचा का?

निवृत्त_शिक्षिका

आपण लतादीदींचे उदाहरण दिले आहे, म्हणून तेच पुढे नेते. कोल्हापुरापुरते बोलायचे तर ‘कधी भेटलो नाही’ हे पूर्णपणे खरे नाही. १९४२ मध्ये वडील मास्टर दीनानाथ गेल्यावर कोवळ्या वयात लतादीदींवर घराचा भार आला, आणि मास्टर विनायक यांच्या चित्रपट कंपनीत काम करताना त्या काही काळ येथे राहिल्या. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्यांच्या मालकीचा झाला. माझ्या आईच्या पिढीतील बायका त्यांच्याविषयी बोलत, ते गल्लीत राहून गेलेल्या आणि पुढे नाव काढलेल्या मुलीविषयी बोलावे तसे.

पण खरे कारण त्याहून खोलवरचे आहे असे मला वाटते. आमच्या स्वयंपाकघरात फडताळावर रेडिओ असे आणि सांगली आकाशवाणी लागलेली असे. आई परातीत पीठ मळत असताना लताबाईंचे गाणे लागले, तर ते संपेपर्यंत ती भाकरी थापायला घेत नसे, कारण थापण्याच्या आवाजात शब्द बुडतात अशी तिची तक्रार असे. तवा तापून धुरावू लागला तरी ती हात आवरून बसलेली असे. आईला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. लतादीदींच्या निधनाच्या दिवशी मी जे लिहिले, त्यात आईचा उल्लेख कोठेही नव्हता, परंतु डोळ्यांतून पाणी आले ते त्या परातीपाशी बसलेल्या आईच्या आठवणीने. इतक्या वर्षांनंतर आईसाठी रडायला कोणाला कारण सांगावे लागले नाही, असा तो एक दिवस होता. आपल्या काकांच्या लेखातही, जरा बारकाईने वाचल्यास, दिवंगत मित्र कोठे ना कोठे सापडेल.

शोक म्हणजे आंधळी भक्ती नव्हे, हेही कोल्हापूरने तेव्हाच दाखवले. जयप्रभा स्टुडिओची विक्री झाल्याचे उघड होताच त्याच महिन्यात येथील चित्रपटसृष्टीतील मंडळी आंदोलनाला बसली. श्रद्धांजली वाहणारे आणि स्टुडिओ वाचवा म्हणणारे लोक वेगवेगळे नव्हते.

मानसशास्त्र_अध्यापक

बाईंनी जे सांगितले त्याला अभ्यासाचाही आधार आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्ये, दूरचित्रवाणी नुकतीच घरोघर पोहोचत असताना, अशा एकतर्फी ओळखीचे वर्णन केले. पडद्यावरील निवेदक थेट प्रेक्षकाकडे पाहून बोलतो, ठरलेल्या वेळी घरात येतो, त्याच्या लकबी आणि त्याचा आवाज ओळखीचा होतो, आणि आपण त्याला ओळखतो अशी भावना प्रेक्षकाच्या मनात रुजते. समोरच्याला आपला पत्ताही नसतो हे बुद्धीला पक्के ठाऊक असते, पण सवयीने जडलेली जवळीक बुद्धीची परवानगी घेऊन येत नाही. आज पडदा तळहातावर आला आहे आणि कलावंत स्वतःच्या घरातून, आजारपणातूनही बोलतात, त्यामुळे ही ओळख पूर्वीपेक्षा दाट झाली आहे.

जाहीरपणे का, या आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ च्या सुमारास समाजाची मान्यता नसलेल्या दुःखाचा विचार मांडला. नातेवाईक गेला तर रजा मिळते, माणसे भेटायला येतात, दहावे-तेरावे होते. परंतु ज्याच्या गाण्याने वा अभिनयाने आपल्याला वाईट दिवसांत तगवले तो गेला, तर घरचेच विचारतात, ‘तुझा कोण लागत होता?’ या प्रश्नाला उत्तर नसते, म्हणून माणूस तो प्रश्न न विचारणाऱ्यांच्या शोधात बाहेर पडतो. त्याच क्षणी तशाच अवस्थेत असलेली हजारो माणसे त्याला फोनवर सापडतात.

याचे सर्वांत स्पष्ट रूप मी टाळेबंदीत पाहिले. २९ एप्रिल २०२० रोजी इरफान खान गेले आणि दुसऱ्याच दिवशी ऋषी कपूर. अंत्यसंस्काराला वीसपेक्षा अधिक माणसांना परवानगी नव्हती. पुढच्या वर्षभरात कित्येकांना सख्ख्या भावाचे, आईवडिलांचे शेवटचे दर्शनही घेता आले नाही. त्या काळात कलावंतांविषयी जे लिहिले गेले, त्यात मला न झालेल्या अंत्यदर्शनांचे दुःख स्पष्ट दिसत होते. स्वतःच्या घरातील मृत्यूविषयी लिहिण्याचे बळ ज्यांच्यात नव्हते, ते इरफानविषयी लिहू शकत होते.

मंगळवारपेठकर

दोघांचेही मनापासून आभार. काकांचा लेख पुन्हा काढून वाचला. त्यात कॉलेजच्या दिवसांत उमा टॉकीजला सिनेमा पाहून गाणी म्हणत परतलेल्या ‘आम्हा दोघांचा’ उल्लेख आहे. तो दुसरा कोण, हे मला ठाऊक आहे. तरीही शेजारच्या गृहस्थांचा प्रश्न मला सुटलेला वाटत नाही.

तालमीचा_कार्यकर्ता

त्याचे उत्तर मला आपल्या गावाच्या रीतीत दिसते. शेजारचा माणूस गेला की कोल्हापूरचा माणूस लिहीत बसत नाही, तो जातो. मातीला जातो, पंचगंगेवर थांबतो, रक्षाविसर्जनाला सकाळी लवकर हजर राहतो, त्या घरी चूल पेटलेली नसते म्हणून आपल्या घरून डबा पाठवतो. महापालिकेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार विनामूल्य होतात आणि त्यासाठी लोक होळीला शेणी (गोवऱ्या) दान करतात, म्हणजे आपण ज्याला ओळखतही नाही त्याच्या सरणाची सोयसुद्धा हे गाव आधीच करून ठेवते. जेथे इतके करता येते तेथे ग्रुपवरचे जोडलेले हात ही केवळ पोच असते. लतादीदींच्या घरी मात्र आपण डबा नेऊ शकत नव्हतो. दुखवट्याला जाण्यासाठी ज्याचे दार आपल्याला नाही, त्याच्यासाठी लिहावे लागते. तुमच्या अपार्टमेंटमधील किती जण त्या गृहस्थांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन आले, एवढे विचारून पाहा. जे गेले नाहीत आणि नुसते हात जोडून मोकळे झाले, त्यांच्याविषयी तुमची खंत रास्त आहे.

जाहीर शोक हा फोनने जन्माला घातलेला नाही, हेही मला सांगायचे आहे. आमच्या चौकात फळा आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी लक्ष्मीकांत बेर्डे गेले, तेव्हा तो पाण्याने स्वच्छ पुसून त्यावर एकच नाव खडूने लिहिले होते, आणि एरवी फळ्याकडे ढुंकूनही न पाहणारे रिक्षावाले तेथे थांबून वाचत होते. त्याहून मोठे उदाहरण ६ मे २०२२ चे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्या दिवशी शंभर वर्षे झाली, आणि सकाळी दहा वाजता सारे कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभे राहिले. बिंदू चौकात ऊन चढले होते, गाड्यांची इंजिने बंद होती. उभे राहिलेल्यांपैकी जवळजवळ कोणीही महाराजांना पाहिलेले नव्हते. पण त्यांच्या वसतिगृहात राहून कोणाचे आजोबा शिकले होते, १९०२ च्या आरक्षणाच्या हुकुमामुळे कोणाच्या पणजोबांना नोकरीची वाट खुली झाली होती, त्यांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचे पाणी कोणाच्या उसाला मिळत होते. न भेटलेल्या माणसाचे आपल्यावर देणे असू शकते, आणि ते चारचौघांत कबूल करण्यात कमीपणा नसतो.

कसबा_बावडा

वरील सर्व लेखन मी आदराने वाचले, तरी एक बाजू राहून जाते आहे असे मला तीव्रतेने वाटते. जाहीर शोकाचे रूपांतर जाहीर न्यायनिवाड्यात किती सहज होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत गेला. सुरुवातीचे दिवस खऱ्या हळहळीचे होते. काही आठवड्यांतच त्या हळहळीला आरोपी हवा झाला, आणि एका तरुणीला लोकांनी तपास पूर्ण होण्याआधीच दोषी ठरवून टाकले. ती जवळपास महिनाभर कोठडीत होती. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने ते प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला, परंतु ज्यांनी २०२० मध्ये पणत्यांच्या चित्राशेजारी शिव्या लिहिल्या होत्या, त्यांपैकी कोणी त्या पुसायला परत आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. घरच्या दुखवट्यात कोणी आरडाओरडा करू लागला तर एखादी वडीलधारी व्यक्ती त्याला हाताला धरून बाहेर नेते. येथे असे कोणी नसते. उलट ज्या मजकुरावर अधिक माणसे तुटून पडतात तोच अधिकांपुढे ढकलायचा, अशीच या माध्यमांची रचना आहे, त्यामुळे शांतपणे लिहिलेल्या दोन ओळी तळाशी जातात आणि संताप वर राहतो.

दुसरी बाब घाईची. विक्रम गोखले यांचे निधन २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात झाले, पण त्याच्या दोन-तीन दिवस आधीच, ते रुग्णालयात झुंजत असताना, श्रद्धांजलीचे संदेश फिरू लागले होते आणि ते हयात असल्याचा खुलासा कुटुंबीयांना करावा लागला. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या मुलीला आपल्या वडिलांची श्रद्धांजली वाचावी लागणे, यात प्रेम कोठे राहिले?

मानसशास्त्र_अध्यापक

आपले दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. फक्त एक भेद करावासा वाटतो. शोक आणि संताप एकाच ठिकाणी दिसले तरी त्यांची वाट वेगळी असते. एखाद्या तरुण माणसाचा अकाली मृत्यू मनाला पटत नाही, आणि न पटलेल्या गोष्टीला कारण सापडले की थोडा दिलासा मिळतो. घरच्या मृत्यूतही ‘वेळेवर दवाखान्यात नेले असते तर’ हे बोलणे होतेच. तेथे ते बोलणे घराच्या चार भिंतींत राहते आणि कालांतराने निवते. जाहीर ठिकाणी त्याला निवायला अवधीच मिळत नाही, कारण प्रत्येक तासाला नवा माणूस ताजे दुःख घेऊन येतो आणि आधीच्यांचा राग त्याला आयता मिळतो. म्हणून मृत्यूच्या पहिल्या काही दिवसांत कारणांविषयी न लिहिणे, आत्महत्येचा संशय असेल तर विशेषतः पद्धतीविषयी एक अक्षरही न लिहिणे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. तशा तपशिलांचा आधीच खचलेल्या मनांवर घातक परिणाम होतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून पुढे आले आहे.

निवृत्त_शिक्षिका

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा तर कोणी माणूस गेला नव्हता, तरी माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी स्वतः त्या रंगमंचावर कधी पाऊल ठेवलेले नाही. शाळेच्या मुलींना नाटक दाखवायला नेत असे, एवढाच माझा संबंध. त्या रात्री ज्यांनी ज्यांनी लिहिले त्यांचे मी सर्व वाचून काढले, आणि त्यातले जे आजही आठवते ते फार साधे आहे. कोणी कितव्या रांगेत बसून पहिले नाटक पाहिले, कोणी मध्यंतरात कोणाची वाट पाहिली, असे. नुसत्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’पेक्षा असे एखादे वाक्य लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही, अधिक काही देऊन जाते.

तालमीचा_कार्यकर्ता

बावड्याच्या मित्रांनी घाईविषयी लिहिले ते मनाला लागले. चौकातल्या फळ्यावर नाव लिहिणाऱ्याला पूर्वी आधी त्या घरी जाऊन खात्री करावी लागे, कारण खोटे लिहिले तर संध्याकाळी तेच घरचे लोक चौकातून जाताना जाब विचारणार असत. अक्षर कोणाचे आहे हेही सगळ्या गल्लीला ओळखू येई. ती जबाबदारी फोनवर आणण्यासाठी आम्ही तालमीच्या ग्रुपवर नियम केला आहे. कुटुंबीयांनी किंवा रुग्णालयाने अधिकृतपणे सांगितल्याशिवाय कोणाच्याही निधनाचा संदेश टाकायचा नाही. पुढे ढकललेले चित्र टाकायचे नाही. लिहायचे तर स्वतःच्या शब्दांत आणि खाली स्वतःचे नाव घालून लिहायचे. मृत्यूच्या कारणावर चर्चा सुरू झाली तर ती ॲडमिनने तेथेच थांबवायची. सुरुवातीला तरुण पोरे कुरकुरली, कारण बातमी सर्वांत आधी टाकण्याचा मान जातो. आता तीच पोरे दुसऱ्या ग्रुपवरच्या लोकांना ‘खात्री केली का?’ असे विचारतात. ज्यांच्या मंडळात किंवा सोसायटीत असा ग्रुप आहे त्यांना हवे असल्यास हे नियम जसेच्या तसे घ्यावेत, आणि काही भर घातली तर येथे अवश्य कळवावे.