मुख्य न्यायमूर्ती म्हणजे नुसते सीनियर जज?

काही जण म्हणतात की हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणजे नुसते सीनियर जज, ते मला अर्धंच पटतं. निकाल देताना त्यांचं मत इतर जजेसइतकंच, बेंचवर (म्हणजे केस एकत्र ऐकणाऱ्या जजेसमध्ये) ते अल्पमतातही जाऊ शकतात, पण कोणती केस कुठल्या बेंचपुढे जाणार तो रोस्टर तेच ठरवतात आणि ही पॉवर लहान नाहीये.

हायकोर्टाचं काम आणखी कुठे चालणार यातही त्यांचा शब्द महत्त्वाचा, आता कोल्हापूरचंच बघा ना, १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१(३) प्रमाणे राज्यपालांच्या मान्यतेने मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांनी तिथे सर्किट बेंच (मुख्य ठिकाण सोडून दुसऱ्या शहरात बसणारं हायकोर्टाचं बेंच) नेमलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरूही झालं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली, वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली होती यासाठी!